बर्फ, पुडिंग आणि प्रेत : गुन्हेगारी मालिकांचे नाताळ-भाग कसे उभे राहतात

प्रश्न असा आहे : ब्रिटिश-अमेरिकन गुन्हेगारी मालिकांचे नाताळ-विशेष भाग ओळीने पाहिले, आता त्या धाटणीचा एक भाग मराठीत लिहायचा आहे. काही भाग डोक्यातून जात नाहीत, काही नुसते सजवलेले वाटतात. फरक कुठे पडतो, आणि लिहिताना व चित्रीकरणात काय बिघडतं?

फरक एका चाचणीत कळतो. पटकथेतून नाताळ काढा आणि त्या जागी आजोबांची पंचाहत्तरी घाला. उकल जशीच्या तशी उभी राहिली तर साध्याच भागाला लाल टोपी घातली आहे असं समजा. उकल कोसळली तर नाताळ खरोखर कामाला लागला आहे. दिवे, झाड, खिडकीबाहेर गाणारी मुलं ही सगळी कलादिग्दर्शकाची खाती. लेखकाने बघायचं ते एवढंच की या सणामुळे कोणती वस्तू हलली, कोणता माणूस नको तिथे आला आणि कोणतं दार बंद राहिलं.

(पुढे काही जुन्या कथांमधल्या युक्त्या सांगाव्या लागतील. खुनी कोण, हे कुठेच सांगत नाही. 'ड्रॅगनेट' या अमेरिकन पोलीस मालिकेतल्या एका भागाचा शेवट मात्र सांगितल्याशिवाय मुद्दा पोचणार नाही.)

सगळ्यात आधी शेरलॉक होम्सची निळ्या माणकाची कथा घ्या. ती 'स्ट्रँड' मासिकात जानेवारी 1892मध्ये आली आणि ग्रॅनडा टेलिव्हिजनने जेरेमी ब्रेटला होम्सच्या भूमिकेत घेऊन 1984मध्ये तिचा भाग केला. चोर माणिक एका जिवंत गूजच्या (बदकाच्या कुळातला मोठा पांढरा पक्षी) घशात सारतो आणि मग चुकीचा पक्षी घेऊन जातो, कारण शेपटीवर पट्टा असलेले तसे दोन पक्षी असतात. खरा पक्षी फिरत राहतो : ब्रिक्स्टनमधल्या पाळणारीकडून कॉव्हेंट गार्डनच्या व्यापाऱ्याकडे, तिथून ब्रिटिश म्युझियमजवळच्या 'अल्फा' नावाच्या दारूच्या गुत्त्यात, गुत्त्यातून हेन्री बेकर नावाच्या गिऱ्हाइकाकडे, आणि त्याच्या हातून रस्त्यात पडून शेवटी होम्सच्या ओळखीच्या माणसाच्या स्वयंपाकघरात.

या साखळीत सगळ्यात महत्त्वाचा दुवा आहे गुत्त्यातला 'गूज क्लब'. दर आठवड्याला काही पेनी भरायचे आणि नाताळला एक पक्षी घ्यायचा. म्हणजे आपली भिशीच. ही भिशी नसती तर चोवीस पक्ष्यांचा ठोक सौदा झाला नसता आणि बेकरसारख्या ओढग्रस्तीतल्या माणसाच्या खांद्यावर तो पक्षी आलाच नसता. व्यापाऱ्याच्या वहीतही हेच दिसतं : 22 डिसेंबर, चोवीस पक्षी, साडेसात शिलिंग दराने खरेदी, बारा शिलिंगने विक्री. होम्सचा तपास म्हणजे सणासुदीच्या बाजारातल्या घाऊक मालाचा माग काढणं. आजोबांच्या पंचाहत्तरीला हे घडणार नाही. (जाता जाता : कथेत माणिक पक्ष्याच्या गळ्याशी असलेल्या अन्नाच्या पिशवीत सापडतं. कोंबडीला तशी पिशवी असते, गूजला खरी म्हणावी तशी नसते. गेली कित्येक वर्षं वाचक ही चूक दाखवत आले आहेत, आणि कथेचं काहीही बिघडलेलं नाही. चूक साखळीच्या बाहेर असली की प्रेक्षक माफ करतो.)

आता शेजारी अगाथा ख्रिस्तीची नाताळच्या पुडिंगची (सुकामेवा घालून वाफवलेला गोड पदार्थ) कथा ठेवा. 'अगाथा ख्रिस्तीज पॉयरो' मालिकेत तिचा भाग 24 फेब्रुवारी 1991ला दाखवला गेला. इथेही रत्न, इथेही खाण्याचा पदार्थ, आणि इथेही एकसारख्या दोन वस्तूंची अदलाबदल. मूळ कथेत घरात दोन मोठी पुडिंगं आधीच करून ठेवलेली असतात, एक नाताळचं आणि एक नववर्षाचं. नाताळचं पुडिंग फळीवरून काढताना मोलकरणीच्या हातून पडून फुटतं, म्हणून नववर्षाचं पानात येतं आणि माणिक आठ दिवस आधी उजेडात येतं. हे जमतं कारण पुडिंग आयत्या वेळी करताच येत नाही. घरोघरची रीत अशी की ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चारेक आठवड्यांच्या तयारीच्या काळाच्या) आधीच्या रविवारी मिश्रण ढवळायचं, सहा-आठ तास वाफवायचं आणि मग आठवडेच्या आठवडे मुरू द्यायचं. शिवाय त्यात चांदीचं नाणं, अंगठी, अंगुस्तान, बटण अशा वस्तू मुद्दाम घालायची पद्धत आहे, त्यामुळे घासात काही कडक लागलं तर कोणी दचकत नाही. रत्न लपवायला जगातली सगळ्यात नैसर्गिक जागा कुठली, तर ज्या पदार्थात वस्तू सापडणं अपेक्षितच आहे तो पदार्थ.

दोन्ही कथांतून घ्यायचं ते हे : सणाचा पदार्थ आधी बनतो, मोठ्या संख्येने बनतो, एकसारखा दिसतो आणि हातोहात फिरतो. या चार गुणांपैकी निदान दोन वापरले नाहीत तर टेबलावरची टर्की फक्त शोभेची.

दुसरी मोठी देणगी घड्याळाची. ब्रिटिश घरात 25 डिसेंबरचा दिवस जवळजवळ मिनिटागणिक ठरलेला असतो : आदल्या मध्यरात्रीची प्रार्थना, सकाळी भेटवस्तू, दुपारचं जेवण, आणि तीन वाजता राजाचं किंवा राणीचं भाषण. तीनचं भाषण ही लेखकाला फुकट मिळालेली साक्ष आहे. सगळं घर एका खोलीत बसलेलं असतं, तेव्हा कोण उठून गेलं हे विचारायला एक वाक्य पुरतं. पण जुन्या काळातली कथा असेल तर तारखा तपासा. हे भाषण 1932मध्ये रेडिओवर सुरू झालं आणि 1957मध्ये पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर आलं. 1936 आणि 1938 या दोन वर्षी ते झालंच नाही, 1969मध्येही नाही. तीसच्या दशकातला भाग लिहिताना नेमकं 1938 निवडलं आणि रेडिओवर राजाला बोलायला लावलं, की जाणकार प्रेक्षक तिथेच सुटतो. तसंच स्कॉटलंडचं. तिथे नाताळ ही सार्वजनिक सुट्टी 1958मध्ये झाली, त्यामुळे 1935च्या एडिंबरात 25 तारखेला सगळी कचेरी बंद दाखवणं चूक.

आजच्या लंडनसाठी उलटा नियम. 25 डिसेंबरला भुयारी रेल्वे आणि शहरी बस बंद असतात. संशयित म्हणाला, 'मी संध्याकाळी ट्यूबने बहिणीकडे गेलो,' की त्याचा खोटेपणा पकडायला कॅमेऱ्याचं चित्रण लागत नाही. हा सापळा इतका सोपा आहे की वापरायचा तर पहिल्या तासात वापरा. शेवटच्या उकलीसाठी तो तोकडा पडतो.

बंद दारांचा उपयोग तपासाला अडवण्यासाठीही होतो. प्रयोगशाळेत निम्मे लोक रजेवर, बँक 25 आणि 26ला बंद, वकील गावाला. इथे एक धोका आहे. अडथळा फक्त कथा लांबवण्यासाठी टाकला की प्रेक्षकाला कळतं. अडथळ्यामुळे तपासनिसाला वेगळी पद्धत वापरावी लागली पाहिजे : अहवाल नाही म्हणून माणसांशी बोलणं, नोंदी नाहीत म्हणून शेजाऱ्याच्या आठवणीवर विसंबणं. जुन्या धाटणीचा, बैठकीत बसून प्रश्न विचारणारा तपास आजच्या काळात पटवायचा असेल तर नाताळची सुट्टी हे फार चांगलं निमित्त आहे.

माणसं एका घरात कोंडायची कला पाहायची तर 'हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस' पाहा. कादंबरी डिसेंबर 1938ची, आणि तिचे भागच तारखांनी पाडले आहेत, 22 डिसेंबर ते 28 डिसेंबर. वर्षानुवर्षं दुरावलेली मुलं म्हाताऱ्या, श्रीमंत, खवट सिमियन लीच्या घरी जमतात. खून 24च्या रात्री होतो. म्हणजे खुद्द नाताळचा दिवस पंचनाम्यात आणि चौकशीत जातो, आणि हीच त्यातली कडवी गंमत. दूरचित्रवाणीचा भाग जानेवारी 1995च्या पहिल्या दिवशी दाखवला गेला, चित्रीकरण केंटमधल्या चिलम कॅसलमध्ये झालं. रूपांतरात काही नातेवाईक वगळले आणि कादंबरीतल्या पोलीसप्रमुखाऐवजी मालिकेतल्या नेहमीच्या इन्स्पेक्टर जॅपला आणलं. जॅप सासुरवाडीच्या वेल्श गोतावळ्यात आणि त्यांच्या अखंड गाण्यांत अडकलेला असतो, त्यामुळे खुनाची बातमी त्याला सुटकेसारखी वाटते. रूपांतर करताना पात्रं कशी कापावीत याचा हा चांगला नमुना आहे. कादंबरीत आठ-दहा नातेवाईक चालतात, कारण वाचक मागचं पान उलटतो. पडद्यावर नव्वद-शंभर मिनिटांत सहाच्या वर संशयित प्रेक्षकाच्या ध्यानात राहत नाहीत.

या कादंबरीत रक्त अमाप आहे. अर्पणपत्रिकेतच ख्रिस्तीने सांगून टाकलंय की मेहुण्याची तक्रार होती, तुझे खून फार पांढरपेशे होत चाललेत, भरपूर रक्त असलेला खून हवा. पण त्या रक्ताला कथेत काम आहे. सोडियम सायट्रेट मिसळलं की रक्तातलं कॅल्शियम बांधलं जातं आणि रक्त गोठत नाही. म्हणजे रक्त किती ताजं दिसतंय यावरून वेळ ठरवणाऱ्याची फसगत करता येते. नाताळचा गोडवा आणि हे रक्त यांतला विरोध डोळ्यांत भरतो, आणि त्याच विरोधाच्या आड युक्ती लपते.

कोंडण्याचा दुसरा नमुना अमेरिकन. 'बोन्स' मालिकेचा 13 डिसेंबर 2005चा भाग. अणुहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या तळघरात सापडलेला जुना सांगाडा प्रयोगशाळेत येतो, हाड कापताना बुरशीचे बीजाणू हवेत पसरतात, धोक्याचा भोंगा वाजतो आणि सगळा चमू नाताळभर आत अडकतो. घरची माणसं काचेपलीकडून भेटायला येतात. बाहेरचं चित्रीकरण जवळजवळ नाही, नवे सेट नाहीत, म्हणजे खर्च कमी. आणि एरवी कामापुरतं बोलणारी पात्रं एकमेकांसमोर उघडी पडतात. जुन्या खुनाची उकल 1943च्या तांब्याच्या एका सेंटशी जोडलेली आहे. त्या वर्षी युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून अमेरिकेने सेंट पोलादाचे पाडले होते, चुकून तांब्यात पडलेली मोजकी नाणी आज लाखमोलाची आहेत. फार नेटकी वस्तू : खिशात मावते, किंमत दिसत नाही, आणि शेवटी भेट म्हणून कोणाच्या तरी तळहातावर ठेवता येते.

या भागात एक कच्चा दुवा आहे. सांगितलेला आजार म्हणजे व्हॅली फीव्हर, आणि तो माणसाकडून माणसाला होत नाही, मातीतले बीजाणू श्वासात गेले की होतो. तेव्हा इतक्या कडक विलगीकरणाला वैद्यकीय आधार तकलादू आहे. भाग तरीही चालला, कारण भावनिक बाजू भक्कम होती. तुम्ही हे धाडस करू नका. आज प्रेक्षक मधल्या जाहिरातीतच मोबाइलवर आजाराचं नाव शोधतो. कोंडायला संसर्गजन्य आजार हवाच असेल तर जो खरोखर पसरतो तो घ्या, नाहीतर पूल वाहून गेल्याचं साधं कारण द्या.

भेटवस्तू आणि सांताक्लॉज या दोन गोष्टी सगळ्यात जास्त वापरल्या जातात आणि सगळ्यात जास्त वाया घालवल्या जातात. भेटवस्तूचं खरं बळ एका प्रश्नात आहे : ती कोणासाठी होती? 'मंक' मालिकेच्या डिसेंबर 2005मधल्या 'सीक्रेट सांता' भागात पोलीस ठाण्यात कॅप्टनसाठी आलेली पोर्ट वाइनची बाटली दुसराच अधिकारी पितो आणि मरतो. लगेच सगळा तपास 'कॅप्टनच्या जिवावर कोण उठलंय' या दिशेने धावतो. निनावी भेट असल्यामुळे देणारा लपतो, आणि मुळात रोख कोणावर होता हेही लपतं. दोन अज्ञातं एका बाटलीत. असं गणित बसलं तरच विष भेटवस्तूत घाला.

'शेरलॉक'च्या 1 जानेवारी 2012च्या भागात भेटवस्तू वेगळ्या कामाला आहे. नाताळच्या बैठकीत शेरलॉक मॉलीच्या हातातल्या सुबक पुडीवरून, तिच्या लिपस्टिकच्या रंगावरून धडाधड निष्कर्ष काढतो, आणि शेवटी चिठ्ठीवर स्वतःचं नाव वाचून थबकतो. गुन्ह्याशी याचा संबंध नाही. पण निरीक्षणशक्ती हाच त्याचा दोष आहे हे एका मिनिटात कळतं, आणि थोड्याच वेळात लाल वेष्टनातली दुसरी भेट येते तेव्हा प्रेक्षक सावध झालेला असतो. क्रम महत्त्वाचा : आधी विनोदी किंवा बोचरी भेट, मग घातक भेट. उलट केलं तर पहिलीचा भार दुसरीवर पडत नाही.

सांताच्या वेशात माणूस ओळखू येत नाही हे गृहीत धरून लिहिणारे बहुधा खालच्या अर्ध्या भागाकडे बघत नाहीत. दाढी, टोपी, पोटाची उशी यांनी चेहरा आणि बांधा झाकतो. चाल, बूट, उंची, डावा-उजवा हात, कानांचा आकार हे झाकत नाही. स्वस्त दाढी कृत्रिम धाग्याची असते, ती झडते आणि तिचे धागे गळपट्टीला चिकटून राहतात. महागडी दाढी याकच्या केसांची. वेश भाड्याचा असेल तर दुकानात नोंद, अनामत रक्कम आणि आधीच्या चार भाडेकऱ्यांचे केस. हा शेवटचा मुद्दा फार कामाचा आहे : एकाच वेशात पाच जणांचा अंश सापडला की प्रयोगशाळेचा अहवाल येऊनही तपास पुढे जात नाही.

वेशाचा भावनिक वापर पाहायचा तर 'होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट'चा 16 डिसेंबर 1994चा भाग बघा. बाल्टिमोरमध्ये सांताच्या वेशातलं प्रेत सापडतं आणि मंच नावाच्या तपासनिसाला मेलेल्याच्या मुलाला बातमी सांगायला जावं लागतं. 'सोप्रानोज'च्या तिसऱ्या सत्रात तर सांताचा पोशाख म्हणजे एका मेलेल्या खबऱ्याची रिकामी जागा. दरवर्षी तो घालणारा आता नाही, आणि का नाही हे खोलीतल्या काही जणांनाच माहीत आहे. तो भाग दाखवला गेला 29 एप्रिल 2001ला. ग्रॅनडाचा निळ्या माणकाचा भाग तर 5 जून 1984चा, भर उन्हाळ्यातला. प्रक्षेपणाची तारीख सणाशी जुळलीच पाहिजे असा काही नियम नाही. 'मिडसोमर मर्डर्स' मालिकेने मात्र तारखा जुळवल्या : 25 डिसेंबर 2004, 24 डिसेंबर 2008 आणि 24 डिसेंबर 2013. पहिल्या भागात जेवणाच्या टेबलावर ओढून फोडायच्या कागदी क्रॅकरमधून धमकीची चिठ्ठी निघते. क्रॅकरमध्ये विनोदाची चिठ्ठी असतेच, त्यामुळे ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतली जाते. पुडिंगमधल्या नाण्याचीच ही बहीण.

आता बर्फ. लेखकाला बर्फ हवा असतो आणि निर्मात्याला त्याचं बिल. दक्षिण इंग्लंडमध्ये 25 तारखेला जमिनीवर बर्फ साचलेला असणं दुर्मीळ आहे. ब्रिटिश हवामान खात्याच्या व्याख्येनुसार त्या 24 तासांत एक कण पडताना दिसला तरी तो 'पांढरा नाताळ'. बर्फ असेल तर तो पुरावा असला पाहिजे. 'जोनाथन क्रीक'च्या 24 डिसेंबर 1998च्या 'ब्लॅक कॅनरी'त पेच हाच आहे की बर्फावर जिथे पावलं उमटायला हवीत तिथे ती नाहीत.

ठसे घ्यायचा प्रसंग असेल तर निदान क्रम बरोबर दाखवा. आधी मोजपट्टी ठेवून तिरक्या प्रकाशात छायाचित्रं. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही म्हणून रंगीत मेणाचा फवारा लांबून, हलक्या हाताने, दोन-तीन थर. दहाएक मिनिटं थांबायचं. मग दातांच्या साच्यांसाठी वापरतात ती कडक भुकटी, एका पावलाला साधारण 900 ग्रॅम, 300 ते 350 मिलिलिटर थंडगार पाण्यात कालवून कडेने ओतायची. मेण का, तर ही भुकटी घट्ट होताना गरम होते आणि ठसा वितळवते. नुसतं प्लास्टर सरळ बर्फात ओतणारा हवालदार पडद्यावर कैक वेळा दिसतो. प्रत्यक्षात तो पुरावा नष्ट करत असतो, आणि हीच चूक नवख्या शिपायाकडून मुद्दाम करवून घेतली तर ठसा हरवण्याचं विश्वसनीय कारण मिळतं.

चित्रीकरणाचा बर्फ बहुतेक कागदाच्या लगद्याचा असतो, ओलसर करून फवारलेला. पडणारा बर्फ फेसाचा. मीठ वापरू नका, हिरवळ आणि झाडं जळतात आणि घरमालक नुकसानभरपाई मागतो. रंगवलेले कॉर्नफ्लेक्स एके काळी वापरत, पण पायाखाली ते इतके वाजतात की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागतात. फेस उडवणाऱ्या यंत्राच्या आवाजाचीही हीच अडचण, म्हणून बर्फ पडतानाचे संवाद तोकडे ठेवा.

बर्फापेक्षा सूर्य जास्त छळतो. 21 डिसेंबरच्या सुमारास लंडनला दिवस जेमतेम पावणेआठ-आठ तासांचा, सूर्यास्त चारच्या आत, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त 15 अंश वर. जूनमध्ये तोच 62 अंशांवर. उन्हाळ्यात चित्रित केलेल्या 'डिसेंबर'च्या दुपारी सावल्या पायाशी गोळा होतात, मागे झाडांना गच्च पानं, आणि श्वासाची वाफ नाही, कारण ती साधारण 7 अंश सेल्सियसच्या खालीच दिसते. उपाय जुने आहेत : बाहेरचे प्रसंग रात्री घ्या (जूनच्या रात्री काळोख पाचेक तासच, तेव्हा वेळापत्रक आवळा), दिवसाचे आत घ्या, आणि खिडक्यांना धुक्याचा पडदा द्या. 'डेथ इन पॅरेडाइज'ने हा प्रश्नच मिटवला. ग्वादलूप बेटावर चित्रीकरण, 26 डिसेंबर 2021ला पहिला नाताळ-विशेष भाग, नव्वद मिनिटांचा, घाम पुसत घातलेल्या सांताटोप्यांसह. उन्हातला नाताळ हीच तिथली ओळख.

गाण्यांबद्दल थोडक्यात. पारंपरिक कॅरलची (नाताळच्या गाण्याची) चाल हक्कमुक्त असली तरी बाजारात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. स्वतः गाऊन घ्या. 'सायलेंट नाइट' (1818) आणि 'जिंगल बेल्स' (1857) सुरक्षित. घंटांचं जे प्रसिद्ध कॅरल आहे त्याची युक्रेनियन चाल जुनी, पण इंग्रजी शब्द 1936चे, त्यामुळे शब्दांशिवाय वाजवा किंवा परवानगी काढा.

शेवट कुठे फसतो? बहुतेक नाताळ-भाग शेवटच्या पाच मिनिटांत बर्फ पाडतात, सगळ्यांना मिठ्या मारायला लावतात आणि मेलेल्या माणसाला विसरतात. 'ड्रॅगनेट'चा 24 डिसेंबर 1953चा भाग त्याला उतारा आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या चर्चमधल्या, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यातून बाळ येशूची मूर्ती नाहीशी होते. मूर्ती फार किमतीची नाही, पण सकाळच्या प्रार्थनेआधी हवी, एवढीच मुदत. अर्ध्या तासाचा भाग, खून नाही, झटापट नाही, नेहमीची रटाळ पायपीट. शेवटी एक लहान मुलगा लाल गाडी ओढत येतो, गाडीत मूर्ती. गाडी मिळाली तर पहिली फेरी येशूला, असं त्याने कबूल केलेलं असतं. हे गोड लागतं कारण तोवरचा सगळा तपास कोरडा, पोलिसी भाषेत चाललेला आहे. ही पटकथा 1967मध्ये त्याच मालिकेने पुन्हा केली. नेमक्या वर्षभरापूर्वीच्या, डिसेंबर 1952च्या भागात त्यांनीच नाताळची भेट म्हणून आणलेल्या बंदुकीने झालेला एका मुलाचा अपघाती मृत्यू दाखवला होता. एकाच चमूने लागोपाठच्या दोन नाताळांत केलेले हे दोन शेवट शेजारी ठेवून पाहिले की मात्रा कळते.

मराठीत लिहिताय तर वसई किंवा गोवा घ्या, पण बर्फ आणि धुराडं तिकडेच सोडून या. तिथली यंत्रणा वेगळी आणि तितकीच कामाची आहे. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका अशा गोड पदार्थांची ताटं घरोघरी पाठवली जातात आणि समोरून ताट भरून परत येतं. म्हणजे पदार्थ आधी बनतो, एकसारखा दिसतो, हातोहात फिरतो, आणि कोणाचं ताट कोणाकडे गेलं हे पोहोचवणाऱ्या पोरालाच ठाऊक. 24च्या मध्यरात्रीच्या मिस्साला आळीतली बहुतेक घरं रिकामी. आणि 31च्या रात्री सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतात : जुन्या कपड्यांत पेंढा भरलेला माणसाएवढा पुतळा, रस्त्याच्या कडेला खुर्चीत दिवसभर बसलेला, मुलं त्याच्या नावाने पैसे मागत फिरतात. तो पुतळा 30 तारखेला कोणी बांधला, त्याच्या अंगावरचा सदरा कोणाचा, आणि संध्याकाळी तो उचलायला दोनऐवजी चार जण का लागले, इथून सुरुवात करा.